उमरावाची बिजागरी

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. भावोजींनाही सांग, पण ते जागे असताना सांग. मागच्या खेपेला तू त्यांना दुपारच्या झोपेत सांगितलास, तो त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही, आणि पुढे महिनाभर मी माणुसकी विसरलो असं ते सगळ्यांना सांगत होते. तुझा डावा गुडघा कसा आहे? (तू फक्त 'गुडघा धरलाय' एवढंच कळवलं होतंस. कोणता, ते नाही. तुझी जिना उतरायची पद्धत आठवून मी डावा ठरवला आहे. उजवा असेल तर लगेच कळव, कारण सोबत पाठवलेला पट्टा डाव्याचा आहे.) इकडे सगळं ठीक. हिचा खोकला गेला. दुकानातला पंखा मात्र तेव्हापासून खोकतो. माझी तब्येत उत्तम, म्हणजे शरीराची. डोक्याबद्दल पुढे लिहितो.

परवा फोनवर तू म्हणालीस, "पोरगा कसा आहे ते एका शब्दात सांग. हो की नाही? आणि हो असेल तर म्हणून मोकळा हो, तुझं ते पाल्हाळ नको." ताई, एका शब्दात सांगता आलं असतं तर मी फोन आपटला नसता. (आपटला नाही, निसटला. पण आवाज तसाच आला असणार.) म्हणून हे पत्र लिहितो आहे. शांतपणे वाच आणि मधेच हसून भावोजींना वाचून दाखवू नकोस.

माझं तत्त्व तुला ठाऊक आहे. माणूस घरी येऊन, पायातलं काढून, खुर्चीच्या टोकावर बसला की त्याच्याबद्दल काहीही कळत नाही. माणूस कामावर पाहावा. मी जन्मभर वजनकाटे दुरुस्त करत आलो. दुकानदार माझ्याशी गोडच बोलतो, पण गिऱ्हाईकाला तोलून देताना त्याचं बोट पारड्याला लागतं का, ते गोड बोलण्यावरून कळत नाही, कोपऱ्यात गप्प बसून बघावं लागतं. म्हणून आमच्या कन्येने जेव्हा सांगितलं, की बाबा, मला एकाशी लग्न करायचंय आणि तो चित्रपट काढतो, तेव्हा मी एवढंच म्हटलं, की मला त्याचं काम बघू दे, मग सांगतो. "आणि तू नाही म्हणालास तर?" तिने विचारलं. तर नाही, मी म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "मग मी त्याला सोडणार नाही, आणि तुझ्याशिवाय लग्नही करणार नाही. बसू तिघेही असेच." आणि शांतपणे भात वाढून घेतला. (हा हट्ट आपल्या घराण्यातला नाही, हिच्या माहेरचा आहे. पण ते असो.) तेव्हापासून माझ्या त्या एका शब्दासाठी तीन माणसं खोळंबली आहेत. चौथी तू.

आता योगायोग बघ. ज्या चित्रपटावर ही दोघं काम करत होती (तो दिग्दर्शक, आणि आमची कन्या तुकडे कापून जोडणारी) तो चित्रपट कुणावर असावा? माझ्या संगीतकारावर! तू ज्याला 'तुझा तो रडका' म्हणतेस, त्याच्यावर. मला आधी वाटलं, पोरगा सासऱ्याला लोणी लावतोय. पण नाही, विषय कन्येने सुचवला होता. ताई, मला किती आनंद झाला ते मी कुणाला दाखवलं नाही. तुला माहीत आहे, मी हे पाश्चात्त्य संगीत कुणाकडे शिकलो नाही. (ही म्हणते, ते तुम्ही लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसालाही सांगता. एकदाच सांगितलं होतं, आणि लिफ्ट अडकली होती.) भंगारवाल्याकडच्या ओरखडे पडलेल्या रेकॉर्डपासून मी सुरुवात केली. स्वरलिपी वाचायला स्वतः शिकलो. मिळतील तितकी चरित्रं एकमेकांशी ताडून वाचली. दोन चरित्रकारांत तर मी तडजोडही करून दिली, त्यांना बिचाऱ्यांना ते माहीत नाही. संगीतकाराच्या तपकिरी कोटाचं खालून दुसरं बटण तुटलेलं होतं आणि तिथे त्याने काळ्या दोऱ्याने हाडाचं बटण शिवलं होतं, हे जगात मोजक्या लोकांना ठाऊक असेल. त्यांतल्या एकाचं वजनकाट्यांचं दुकान आहे.

तेव्हा दुकान भाच्यावर सोपवून (हिच्या भाच्यावर, आपल्या नव्हे, आपला मला परवडला नसता) मी चित्रीकरणाला जायला लागलो. जागा म्हणजे एक बंद पडलेला साबणाचा कारखाना. दारातच दिग्दर्शक भेटला. त्याला मी मनातल्या मनात 'ढग' म्हणतो. उंच, राखाडी स्वेटर, सावकाश चालतो, आणि त्याचं कुठलंही वाक्य पकडायला जावं तर हाताला काही लागत नाही. मी विचारलं, संगीतकाराचं काम कोण करतंय? तो वर बघत म्हणाला, "काका, तसं बघितलं तर सगळेच." मला वाटलं, कवितेत बोलतोय. नाही ताई. अक्षरशः खरं सांगत होता. संगीतकाराचं बालपण करत होते एक निवृत्त दंतवैद्य, अर्धी चड्डी घालून. तरुणपण करायला कुणीच नव्हतं, नुसता एक कोट हँगरवर लावून दोरीने इकडून तिकडे ओढत होते. आणि म्हातारपण करत होत्या एका शाळेच्या व्यायामशिक्षिका, ज्यांना मिशी लावली होती आणि ज्यांच्या गळ्यात शिट्टी तशीच होती. (ती काढा म्हटलं तर म्हणाल्या, सवय आहे हो, नसली की तोल जातो.)

पियानोच्या आत गवत लावलेलं. खरं गवत, त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला एक माणूस होता. वाद्यवृंदाच्या जागी न्हावी बसवलेले, ते सगळे मिळून हवेत कात्र्या चालवत. छतावरून बर्फ म्हणून साबणाचा चुरा पडत होता आणि दंतवैद्य त्यात शिंकत होते. आणि संगीतकाराला आश्रय देणारा तो उमराव, ज्याच्या वाड्यावर त्याने उमेदीची वर्षं काढली, ज्याच्यावर एका चरित्रात अख्खं प्रकरण आहे, तो उमराव म्हणजे एक लाकडी कपाट! लोक येत, कपाटापुढे कमरेत वाकत, कपाटाचं दार किंचित उघडे, आणि लोक "जशी आज्ञा" म्हणून मागे सरकत जात.

मी ढगाला बाजूला घेतलं. म्हटलं, बाबा रे, हे काय आहे? तो म्हणाला, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, मला वाटतं हे कपाट आहे. तो म्हणाला, "अगदी बरोबर." मी पुन्हा म्हटलं, उमराव माणूस होता. त्याला दमा होता. त्याला मुली होत्या. ढगाने मान डोलावली आणि फार मनापासून म्हणाला, "काका, तुम्ही रोज या. जे जे चुकतंय ते सांगत जा. मोठ्याने सांगा, संकोच करू नका."

ताई, मला आजवर कुणी हे सांगितलं नव्हतं. सगळे उलटच सांगतात.

मग मी रोज जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी आवाजाच्या खात्यातल्या मुलीने माझ्या कॉलरला नखाएवढा माइक लावला. मी समजलो, की सेट मोठा आहे, दिग्दर्शक दुसऱ्या टोकाला असतो, त्याला माझा सल्ला कानात नीट ऐकू जावा म्हणून ही सोय. सल्लागाराला असा मान देतात हे पाहून बरं वाटलं. इतकं, की एका सकाळी ती मुलगी विसरली तर मीच जाऊन मागून घेतला. (हे वाक्य लक्षात ठेव आणि हसू नकोस.)

आणि ताई, प्रामाणिकपणे लिहितो, माझं डोकं तिथेच हळूहळू सरकायला लागलं. पहिल्या आठवड्यात मी उमराव कपाट नव्हता यावर भांडत होतो. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं, की कपाटाची बिजागरी दाबून काढलेल्या पत्र्याची आहे. त्या काळात घडीव लोखंडाची असायची! मी सगळं चित्रीकरण थांबवलं. म्हटलं, उमराव असल्या बिजागरीवर दार उघडणार नाही, त्याच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. दुपारभर हिंडून जुन्या बाजारातून घडीव बिजागरी आणली, स्वतः बसवली, आणि दार किंचित करकरावं म्हणून तेल दिलं नाही, कारण उमरावाला दमा होता. रात्री जेवताना हिला हे सांगत होतो. ही घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे आता कपाटाला दमा आहे?" तेव्हा मला जरा धस्स झालं. पण बिजागरी बरोबरच होती.

आता मुख्य भांडण. शेवटचा प्रसंग संगीतकाराच्या मृत्यूचा. (खरं म्हणजे चित्रपटात तो आधी येतो, मग जन्म, मग पुन्हा मृत्यू. विचारलं तर ढग म्हणाला, "एकदा मरून कुठे कळतं?") त्यासाठी ढगाला माझा मोठा काटा हवा होता, पोती तोलायचा, लोखंडी फळीचा, गोल तबकडीवर काटा फिरतो तो. त्या फळीवर पलंग, पलंगावर व्यायामशिक्षिका, आणि त्यांचा प्राण गेला की काटा सुर्रकन शून्यावर यायला हवा. मी स्पष्ट नाही म्हटलं. माझा काटा खोटं दाखवणार नाही. तो म्हणाला, "काका, हे प्रतीक आहे." मी म्हटलं, प्रतीक तुझं, काटा माझा. माणूस मेला म्हणून वजन जात नाही, उलट उचलणाऱ्यांना विचार. न्हाव्यांच्या कात्र्या थांबल्या. मला वाटलं, आता हा चिडणार, आणि मला एका शब्दात उत्तर मिळणार. पण तो काट्यापुढे उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "म्हणजे काटा हलणारच नाही?" नाही, मी म्हटलं. "मग हे जास्त वाईट आहे," तो म्हणाला, "असंच ठेवू." आणि तसंच ठेवलं. (हे मी त्याच्या जमेच्या बाजूला मांडतो. बोट पारड्याला लावलं नाही.)

मग त्या बाई पलंगावर निजल्या, पण निजल्या उताण्या, कवायतीत झोपल्यासारख्या, हात शरीराला चिकटवून. चूक! मी वर गेलो. सगळे काहीतरी दिवे हलवत होते, म्हणजे काम थांबलेलं होतं असं मी धरून चाललो. मी त्यांना सांगितलं, की बाई, असं नाही. संगीतकाराचा उजवा कान शेवटी शेवटी गेला होता. तो उजव्या कुशीवर निजायचा, बिघडलेला कान उशीत आणि चांगला वर. का? तर लेक दुसऱ्या गावाहून यायची होती आणि तिची पावलं जिन्यावर ऐकू यायला हवी होती. सगळी चरित्रं म्हणतात, ती आली तेव्हा तो झोपलेला होता. मला हे पटत नाही. चांगला कान वर ठेवून कोण झोपतं? तो जागाच होता. डोळे मिटून पडला होता, एवढंच. ती आली, तिने त्याला झोपलेला समजून पांघरूण सारखं केलं, आणि तो काही बोलला नाही. त्याला तेवढंच पुरलं असेल. असं सगळं मी त्यांना सांगितलं, उशी फिरवून दिली, पांघरूण कसं सारखं करायचं तेही करून दाखवलं आणि खाली उतरलो. बाईंच्या मिशीचं एक टोक सुटलं होतं. मला वाटलं, साबणाने.

मागच्या आठवड्यात चित्रपट तयार झाला. काम केलेले लोक आणि घरची माणसं एवढ्यांनाच एका छोट्या थिएटरमध्ये दाखवला. मी इस्त्रीचा कोट घातला. दिवे गेले. पडद्यावर पहिलीच गोष्ट दिसली ती एका माणसाची मान, मागून. कॉलर आतल्या बाजूने झिजलेली. मी हिच्या कानात म्हटलं, त्या काळात असली कॉलर नव्हती. ही म्हणाली, "त्या काळात नसेल, पण आपल्या दोरीवर असते." ताई, ती मान माझी होती.

पुढे काय सांगू! संगीतकार जन्माला येतो, की मी येऊन सांगतो पाळणा चुकला. तो प्रेमात पडतो (म्हणजे हँगरवरचा कोट एका बाईच्या अंगावर पडतो), की मी मधे जाऊन बटण तपासतो. उमरावाच्या दरबारात सगळे वाकलेले आणि मी एकटा पेचकस घेऊन उमरावाच्या बाजूला. अख्ख्या चित्रपटात त्या बिचाऱ्या संगीतकाराच्या मागे मी हात धुऊन लागलेलो, "हे चूक आहे, हे असं नव्हतं" म्हणत. आणि थिएटर हसतंय! दंतवैद्य तर इतके हसले, की त्यांना बाहेर नेऊन पाणी द्यावं लागलं. मी अंधारात ताठ बसून होतो. आणि मग शेवटी तो पलंग आला. पडद्यावरचा मी उशी फिरवतोय, कानाचं सांगतोय, पांघरूण सारखं करतोय. कुणी हसलं नाही. खोकलंसुद्धा नाही. चष्म्याची काच खराब झाली म्हणून मी रुमाल काढला, तर काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ होती. हे काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

दिवे लागले. सगळे माझ्याकडे बघत होते. काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मी उभा राहून खणखणीत आवाजात म्हटलं, की हा चित्रपट मला समजलेला नाही, आणि ज्यांना समजला असं वाटतंय त्यांना तर मुळीच समजलेला नाही. मग मान ताठ ठेवून दाराकडे गेलो आणि बाहेर पडलो. बाहेर नव्हतं ते, ताई. झाडू आणि बादल्या ठेवायची खोली होती. दार मागे बंद झालं. आता एवढं बोलून झाल्यावर लगेच कसं परत येणार? मी एका उलट्या बादलीवर बसलो.

दाराच्या पलीकडे येऊन थांबली ती नेमकी हीच दोघं. ढग म्हणत होता, "काकांना लागलं गं. आपण त्यांचे सगळे प्रसंग काढून टाकू. त्यांना विचारायला हवं होतं, चूक माझी." त्यावर कन्या म्हणाली, "तुझी नाही. तू तर नुसतं रेकॉर्ड करून ठेवलं होतंस, निवडले मी. आणि ते काढायचे नाहीत." तो म्हणाला, "ते नाही म्हणतील ना आपल्याला." ती म्हणाली, "म्हणू दे. पण तू त्यांना काढलंस तर मीच तुला नाही म्हणेन. लहानपणापासून ह्या माणसाने मला रोज झोपताना त्या संगीतकाराची बटणं सांगितलीत. मला संगीतकार आठवतच नाही, बाबाच आठवतो." नंतर नाक ओढल्याचा आवाज आला. कुणाचं ते दारातून कळलं नाही. (दार जाड होतं, साधारण बोटाएवढं.)

घरी येताना टॅक्सीत हिने माझी कॉलर सरळ केली. मग म्हणाली, "तुम्हाला ते कानाचं खरंच चरित्रात सापडलं?" मी म्हटलं, कान चरित्रातला, निष्कर्ष माझा. त्यावर म्हणाली, "पोरगी रात्री उशिरा कामावरून येते ना, तेव्हा तुम्हीही उजव्या कुशीवर असता. किल्ली वाजली की घोरायला लागता. वाईट घोरता, खोटं कळतं." मी म्हटलं, त्याचा इथे संबंध काय? तर म्हणे, "काही नाही," आणि खिडकीतून बाहेर बघून हसत बसली.

आता माझी कोंडी तुझ्या ध्यानात आली असेल. मी हो म्हटलं, तर लग्न होतं, पण मग चित्रपट असाच लागणार आणि गावोगावचे अनोळखी लोक पैसे देऊन माझ्यावर हसणार. माझी गिऱ्हाइकंही. मी नाही म्हटलं, तर लग्न अडतं. आणि मी नुसतं 'मला त्यातून काढा' म्हटलं, तर ढग मला काढणार, मग कन्या त्याला काढणार, आणि लग्न माझ्या होकारासकट मोडणार. कसंही तोललं तरी एका पारड्यात माझी अब्रू आणि दुसऱ्यात तिचं लग्न, आणि काटा माझ्याच हातात. शिवाय ह्या चित्रपटाचा अर्थ काय, हा प्रश्न शिल्लकच आहे. तो पोरगा भला आहे की भ्रमिष्ट? दोन्ही असू शकतो का? मला त्याचा राग आलाय की नाही? मी रोज सकाळी उठून तपासतो, आज आहे का. मंगळवारी होता. काल नव्हता. अशा परिस्थितीत माणसाने एका शब्दात काय सांगावं?

तेव्हा हे असं आहे. गुडघ्याला जप, पट्टा फार आवळू नकोस, दोन बोटं आत जायला हवीत. भावोजींना पुन्हा एकदा, जागे असताना, नमस्कार.

तुझा,
कोंडीत सापडलेला धाकटा

ता. क. वरचं पत्र परवा लिहून ठेवलं होतं. पाकीट चिकटवायच्या आत, काल दुपारी ढग दुकानात आला. लॅपटॉप घेऊन. म्हणाला, "काका, तुम्हाला न विचारता केलं. माफ करा. जे जे काढायचं ते दाखवा, मी काढतो. तिला मी बघून घेईन." (हे शेवटचं ऐकून मला त्याची दया आली. तिला बघून घेणारा अजून जन्माला यायचाय.) मी म्हटलं, दाखव. आम्ही गल्ल्यामागे स्टुलांवर बसलो. मी अगदी कडक नजरेने बघायला लागलो. पाळण्याच्या प्रसंगात मी 'हे चूक आहे' म्हणून थांबतो, पण बरोबर काय ते सांगितलेलं त्यांनी कापलं आहे! म्हणजे बघणाऱ्याला वाटणार, मला नुसत्या चुकाच काढता येतात. मी म्हटलं, पुढचं वाक्य आणून जोड. त्याने लिहून घेतलं. बिजागरीच्या वेळी तर बिजागरी जवळून दाखवलेलीच नाही. एवढ्या चित्रपटात ती एकच वस्तू शंभर टक्के अस्सल, आणि तीच दिसत नाही! ते घ्यायला लावलं. पलंगाच्या वेळी माझी कॉलर वाकडी आहे. ती राहू दे म्हटलं, आता काय. संध्याकाळी त्याने हिशोब सांगितला, तेव्हा कळलं की मी स्वतःला कुठूनही काढलेलं नाही. उलट थोडा वाढलोय.

जाताना दारात म्हणाला, "आणि काका, ते दुसरं... आम्ही म्हणत होतो, थंडी संपल्यावर, शाळेमागच्या त्या सभागृहात." मी म्हटलं, त्या सभागृहाला एकच दार आहे, जेवणाची वेळ झाली की चेंगराचेंगरी होईल. नदीकडचं घ्या, आणि सकाळचं ठेवा, ताईचा गुडघा दुपारनंतर धरत असणार. तो "बरं" म्हणाला आणि इतक्या घाईने गेला, की छत्री विसरला. मी दुकानाचं शटर ओढलं, कुलूप लावलं, अर्ध्या रस्त्यापर्यंत आलो, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. ताई, मी हो म्हटलेलं नाही. पण सभागृह ठरलं आहे.

ता. क. दुसरा, आणि ह्यासाठीच खरं म्हणजे हे पत्र लगेच टाकतो आहे. ढगाने कन्येला फोन करून सांगितलं असणारच, कारण ती सकाळपासून माझ्याकडे बघून उगाच चहा करते आहे. हीसुद्धा. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. हे बरोबर नाही. बापाने होकार दिला असा काही प्रसंग घडायला हवा की नको? मी जन्मभर ठाम माणूस म्हणून वावरलो आणि ह्या एका बाबतीत माझा होकार सभागृहाच्या दारातून निसटून गेला, असं मागे राहायला नको. म्हणून तुला एक काम करायचं आहे. रविवारी सगळे जेवायला बसलेले असतील तेव्हा फोन कर. मी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावीन. तू ह्या लग्नाला कडाडून विरोध कर. मुलगा कपाटाला उमराव समजतो म्हण, भावाला जगात हसं केलं म्हण, थोडं रडलीस तरी चालेल. मग मी उभा राहून सांगेन की ताई, तू मोठी आहेस, पण ह्या घरात हे लग्न होणार म्हणजे होणार. मग तू हरल्यासारखी फोन ठेव.

एवढंच सांभाळ, की मुद्दे फार बिनतोड काढू नकोस. सायकल विकायच्या वेळी तू असंच बोललीस आणि मला सगळं पटलं होतं.